मदत हवी आहे: अनोळखी माणसाला पहिला ईमेल कसा लिहू?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे, घरचा बेदाणा. आजवर माल सौद्याला लावला, अडत्याने विकला, विषय संपला. यंदा पुण्यातल्या दोन-तीन बेकऱ्यांना थेट विचारावं म्हणतोय.

एका ठिकाणच्या खरेदी विभागाचा ईमेल मिळालाय, पण नाव नुसतं ‘किरण’. आता हे साहेब की मॅडम? ‘श्री.’ लिहावं तर पंचाईत, ‘महोदय/महोदया’ म्हणजे थेट तहसीलातला अर्ज. ‘नमस्कार किरणजी’ चालेल का?

माझा मसुदा असा सुरू होतो: ‘सर्वप्रथम आपणांस सादर नमस्कार. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून द्राक्षशेतीत...’ पुतणी म्हणाली, ‘काका, दुसऱ्या ओळीनंतर कुणी वाचणार नाही.’ तिचं बरोबर असेल. पण एकदम ‘माल घेता का’ म्हणजे चपला न काढता घरात शिरल्यासारखं वाटतं हो.

विषयात ‘हिरवा बेदाणा, थेट शेतकऱ्याकडून: नमुना पाठवू का?’ असं लिहिलंय. बरं वाटतं का? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ते पहिल्याच मेलमध्ये सांगू की नमुना पोचल्यावर? आणि भाव?

फोटोंचा घोळ वेगळाच. स्वतःलाच मेल पाठवून बघितला, तर चार फोटो मिळून २५ एमबीच्या वर गेले आणि जीमेलने त्यांची ड्राइव्हची लिंक करून टाकली. अनोळखी माणसाची लिंक कोण उघडणार?

आणि उत्तर नाहीच आलं तर किती दिवसांनी पुन्हा लिहायचं? खरेदी सांभाळणारं कुणी इथे असेल तर जरूर सांगा.