दिंडीसाठी साठ भाकरी: सकाळपर्यंत मऊ कशा राहतील?

सातपूरची सून:
नमस्कार. आमचं घर सातपूरला, त्र्यंबक रस्त्याला लागून. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी निघालेल्या दिंड्या आमच्या दारावरून जातात. त्यातली एक नवमीच्या रात्री जवळच्या मारुतीच्या देवळात उतरते. सकाळच्या न्याहारीला गल्लीतलं प्रत्येक घर काही ना काही देतं. आमच्याकडे बाजरीची भाकरी. बावीस वर्षं सासूबाई एकट्या साठ भाकरी थापत आल्या. प्रत्येक भाकरी तव्यावर टाकताना मोठ्याने ‘रामकृष्णहरी’ म्हणायच्या आणि मुलं आतल्या खोलीतून मोजायची.

यंदा त्यांचं मनगट धरलंय, थापणं होत नाही. मी, हे आणि दोन्ही मुलं मिळून करायचं ठरवलंय. रोजच्या आठ-दहा भाकरी मी करते, पण साठ कधी केल्या नाहीत. पीठ किती घेऊ? रात्रीच्या भाकरी सकाळी कडक होतात आणि दिंडीत दात नसलेल्या आज्या असतात. सासूबाई म्हणतात, ‘हाताला कळतं गं.’ मला मात्र मापात सांगा.

सिन्नरची काकू:
अगं, किलोत दहा-बारा होतात. सहा किलो घे. बाजरी आदल्या दिवशीच दळून आण. बाजरीला तेल असतं, पीठ ठेवलं की कडवट होतं. शिवाय जुनं पीठ विरी जातं, मग थापताना कडेला चिरा पडतात. पाणी कडकडीत घे आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ तळहाताने रगडून मळ. घाईत चार भाकऱ्यांचा गोळा एकदम मळलास तर शेवटची हमखास फाटते. चौघं आहात ना? मग ह्यांना फक्त मळायला बसव. पुरुषाच्या हाताला जोर असतो, त्याचा उपयोग करून घे.

ओझरकर:
गरम भाकरी एकावर एक रचू नका, घाम येऊन खालच्या ओल्या होतात. टोपलीत उभ्या लावा, वाफ गेली की धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा. आज्यांसाठी पंधरा-वीस दुधात मळा. माझी आई गावाला जाताना अशाच दशम्या बांधून द्यायची. थंडीत दोन-तीन दिवस मऊ राहतात.

अंजनेरीचा वारकरी:
सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या माऊली, चालताना बरी पडते. एकादशीला आमचा उपवास, तेव्हा सगळं दशमीच्या सकाळीच पोचू दे.

सातपूरची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल झालं सगळं. संध्याकाळी सहाला तवा ठेवला, साडेअकराला उतरवला. ह्यांनी मळलं, मुलीने आणि मी थापलं. धाकट्याने वरून पाणी फिरवायचं काम घेतलं. अकरा वर्षांचा आहे, पण बोटं भाजली तरी हटला नाही. सासूबाई चुलीशेजारी पाटावर बसल्या होत्या, मनगटाला पट्टी बांधलेली. हात आमचे होते, पण प्रत्येक भाकरीला ‘रामकृष्णहरी’ त्यांनीच म्हटलं. चाळीसनंतर आवाज बसला तेव्हा मुलांनी सूर धरला. मोजून त्रेसष्ट झाल्या. वीस दुधातल्या.

सकाळी सहाला टोपली देवळात नेली. काकड्याचे अभंग संपत आले होते. धुक्यात टाळांचा आवाज, सगळीकडे ओल्या घोंगड्यांचा वास. एका आजींनी दशमी हातात घेऊन दाबून बघितली, अर्धी चहात बुडवून खाल्ली. उरलेली अर्धी पदरात बांधायला लागल्या. मी म्हटलं, ‘आजी, खा ना, भरपूर आहेत.’ त्या म्हणाल्या, ‘दुधातली आहे ना बाई? टिकेल. द्वादशीला त्र्यंबकात पारणं हिच्यावरच सोडते.’

धाकट्याने तेवढं ऐकलं आणि टोपलीतून आणखी दोन काढून त्यांच्या पदरात टाकल्या.