मायलेकांनी मिळून खेळण्यासाठी, कथा असलेला पण उगाच न ताणलेला गेम सुचवा

धागाकर्ती, जळगाव

नमस्कार मंडळी. मुलाची दहावीची परीक्षा आटोपली आहे आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नाही, म्हणून या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून एखादा कथाप्रधान गेम पूर्ण करायचे ठरवले आहे. लहानपणी पाचोऱ्याला मामांकडे टीव्हीला जोडायच्या गेमवर मी 'कॉन्ट्रा' आणि 'मारियो' मनसोक्त खेळले आहे. त्या गेममध्ये कथा नावापुरतीच असे, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही आवाक्यात असत. मुलगा आता ज्या गेमची नावे घेतो, ते संपायला पन्नास-साठ तास लागतात असे तो सांगतो.

एवढ्या तासांत खरोखर तेवढी कथा असते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल असे काही सुचवावे. गेम विकत घेण्याची तयारी आहे. थोडी मारामारी चालेल, पण रक्तपात फार नको.

प्रतिसाद, धुळे

ताई, आधी जुन्या गेमच्या लांबीबद्दल लिहितो, कारण तिथेच पुष्कळांची गल्लत होते. १९८५ चा 'सुपर मारियो ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेला होता आणि त्यात एकूण ३२ लेव्हल होत्या. वाटेतले गुप्त पाइप ठाऊक असलेले तरबेज खेळाडू तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. 'कॉन्ट्रा'त आठच स्टेज होत्या. तरीही हे गेम आपल्याला सुट्टीभर पुरले, कारण एक गोळी लागली की एक जीव जात असे, जीव तीनच मिळत, आणि गेम सेव्ह करण्याची सोय नसल्यामुळे सातव्या स्टेजला लोडशेडिंग झाले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. म्हणजे गेम लहान होता आणि अवघडपणाने तो लांबवलेला होता. ही पद्धत नाण्यांवर चालणाऱ्या आर्केड यंत्रांकडून आली: खेळणारा लवकर हरला तरच पुढचे नाणे पडणार, हा तिथला हिशेब होता.

आजच्या मोठ्या गेममध्येही हिशेब आहेच, फक्त तो उलट्या दिशेने चालतो. परदेशात साठ-सत्तर डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे म्हणून नकाशा मोठा केला जातो आणि त्यावर गोळा करायच्या वस्तू, जिंकायच्या छावण्या व एकाच साच्यातली साइड मिशन (मुख्य कथेबाहेरची छोटी कामे) पसरली जातात. २००७ चा पहिला 'असॅसिन्स क्रीड' साधारण पंधरा तासांत संपत असे, तर त्याच मालिकेतल्या २०२० च्या 'व्हॅल्हाला'च्या नुसत्या मुख्य कथेला साठेक तास लागतात. मधल्या २०१८ च्या 'ऑडिसी'त तर पात्राची लेव्हल, म्हणजे त्याच्या ताकदीची पायरी, लवकर वाढावी म्हणून वेगळे पैसे भरण्याची सोय ठेवलेली होती. जो वेळ वाचवण्यासाठी पैसे मागितले जातात, तो वेळ कथेसाठी आवश्यक होता असे मला कधीच पटलेले नाही. त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की तासांची लांबी आणि कथेची लांबी यांचा संबंध तेव्हाही कमी होता आणि आजही कमीच आहे.

जुन्यांमध्ये एक गेम मात्र या सगळ्याला अपवाद आहे: १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. वजिराने राजकन्येला आपल्याशी लग्नाला होकार देण्यासाठी तासाभराची मुदत दिलेली असते आणि खेळणाऱ्याच्या हातातही नेमका तेवढाच तास असतो. तुम्ही मेलात तरी घड्याळ थांबत नाही. गेमची लांबी हीच कथेची मुदत आहे. चौथ्या लेव्हलला एक आरसा वाट अडवतो. त्यातून धावत उडी मारली की नायकाची सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आणि पुढे हीच सावली कुठे औषधाची बाटली पिऊन टाकते, तर कुठे दरवाजा बंद करते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला तर तो आपल्यालाच लागतो, आणि तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत गेल्यावरच दोघे एकरूप होऊन पुढची वाट मोकळी होते. या सगळ्यात संवादाचा एक शब्दही नाही. कथा हाताने खेळून कळते म्हणजे काय, हे मुलाला दाखवायचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

प्रतिसाद, भुसावळ

धुळेकरांचे विवेचन मला आवडले, पण मोठ्या गेमवर त्यात थोडा अन्याय झाला आहे. २०१५ च्या 'द विचर ३' मध्ये ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराचे प्रकरण आहे. त्याची बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, आणि शोध घ्यायला आपण त्याच्याच घरातून सुरुवात करतो. भिंतीवर हलवून टांगलेले चित्र, त्यामागे दडलेले भिंतीचे भगदाड, सांडलेली दारू यांवरून हळूहळू उलगडत जाते की घरातला खरा त्रास कोणता होता. या माणसाची आधी चीड येते, मग कीव येते, आणि निर्णय घ्यायची वेळ आल्यावर काहीही सोपे राहत नाही. हे प्रकरण निव्वळ मुख्य कथेच्या घाईत उरकले असते तर एवढे खोल गेले नसते. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्येही दरोडेखोरांच्या टोळीच्या छावणीत रोज रात्री शेकोटीभोवती बसून माणसे ओळखीची होतात, म्हणूनच ती टोळी फुटू लागते तेव्हा जिवाला लागते. त्या गेमच्या पन्नास तासांतले निदान तीस तरी मला हवेसेच वाटले.

आपल्यासाठी मात्र हे दोन्ही गेम मी सुचवणार नाही. दोन्ही प्रौढांसाठीचे आहेत, आपल्या लॅपटॉपला ते झेपणार नाहीत, आणि 'रेड डेड'ला १५० जीबी जागा लागत असल्याने दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल डेटावर तो उतरवून घेण्यातच सुट्टी संपून जाईल.

धागाकर्ती, जळगाव

दोघांचेही मनापासून आभार. शेकोटीचे वाचून तो गेम पुढे कधीतरी बघावासा वाटतो आहे. सध्या मात्र आठवड्याभरात पूर्ण होईल असे हवे आहे, आणि आपल्याकडच्या मातीतले काही असल्यास अधिक आनंद होईल. मुलाचे इंग्रजी चांगले आहे, तो मला समजावून सांगू शकेल.

प्रतिसाद, चाळीसगाव (सध्या पुणे)

ताई, सुरुवात 'पोर्टल'ने करावी. २००७ चा हा गेम तीन-चार तासांचा असून जुन्या लॅपटॉपवरही चालतो. एका प्रयोगशाळेत यंत्राचा आवाज आपल्याकडून कोडी सोडवून घेत असतो आणि तो आपल्याशी खरे बोलत नाही, हे भिंतींमागे कुणीतरी आधी खरडून ठेवलेल्या मजकुरावरून कळत जाते. आवडल्यास २०११ चा 'पोर्टल २' घ्यावा. त्यात दोघांनी मिळून खेळायची स्वतंत्र मोहीम आहे आणि लॅपटॉपला कंट्रोलर जोडला की एकाच पडद्यावर दोघांना खेळता येते. तुमच्या कारणासाठी याहून योग्य गेम मला सुचत नाही.

दोघांनी मिळून डोके लावायचे असेल तर २०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' पाहावा. १८०७ साली एक रिकामे जहाज बंदरात परत येते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने विम्याची चौकशी करणाऱ्या व्यक्तीच्या भूमिकेत आपल्याला त्यावरच्या साठ माणसांचे काय झाले ते शोधायचे असते. मृत्यूचे क्षण त्यात आहेत, पण चित्रे दोनच रंगांत आणि गोठलेली असल्यामुळे किळस येत नाही. कोण कुणाच्या शेजारी झोपतो, कोणाच्या बोलण्यात कुठला हेल आहे, यावरून नावे जुळवावी लागतात. कागद-पेन जवळ ठेवावे, आणि इंटरनेटवर उत्तरे मुळीच शोधू नयेत.

आपल्या मातीतले म्हणाल तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितली जाते. चित्रकाम अतिशय देखणे आहे, शेवट मात्र अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागेल. तुमच्या लॅपटॉपवर त्याऐवजी २०२३ चा 'वेंबा' सहज चालेल. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातली आई माहेरून आणलेल्या, फाटलेल्या आणि डाग पडलेल्या पाककृतींच्या वहीवरून इडलीपासून बिर्याणीपर्यंतचे पदार्थ करते, आणि पुसट झालेल्या पायऱ्या आपल्याला ओळखाव्या लागतात. मुलगा हळूहळू घरची भाषा टाळू लागतो ते वर्षांमागून वर्षे दिसत जाते. तास-दीड तासाचा गेम आहे. तो शक्यतो एकाच बैठकीत खेळावा, आणि स्वयंपाकाची कोडी तुम्ही सोडवून संवाद वाचण्याचे काम मुलाकडे द्यावे.