मदत हवी आहे : सीमाप्रश्न मुळापासून वाचायचाय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, सध्या जर्मनीत. माझा रूममेट धारवाडचा. परवा आमची भाकरी भारी की त्यांची, यावरनं चेष्टा सुरू झाली आणि विषय बेळगावावर गेला. त्यानं शांतपणे विचारलं, "महाजन अहवाल वाचलायस?" मी गप्प! घोषणा सगळ्या पाठ, कागद एकही वाचलेला नाही.

मग शोधत बसलो. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल (शिफारस अशी की बेळगाव कर्नाटकातच, पण निपाणी, खानापूर धरून २६४ गावं आपल्याकडं आणि २४७ तिकडं), २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, हे तर आत्ता कळलं. आमची आत्या तिथलीच की!

आता अहवालाची पूर्ण प्रत कुठं मिळेल? दिवाळीत घरी येतोय. करवीर नगर वाचन मंदिरात मिळेल की विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावं लागेल? कन्नड बाजूचं इंग्रजीत किंवा मराठीत काही असेल तर तेही सांगा, त्याच्याशी बोलताना लागणार. निपाणी-बेळगावचं कुणी असेल तर घरातल्या आठवणीही चालतील. व्हॉट्सॲप फॉरवर्ड मात्र नकोत, ते काकांकडनं रोज येतात.