मदत हवी आहे : अश्वगंधाबद्दल खात्रीची माहिती कुठे वाचू? (नागपूर)

शिल्पा_मानेवाडा :
अश्वगंधा घ्यावी की नाही, याची खरी माहिती कुठे मिळेल? दोन दिवसांपासून शोधून राहिले. एक साइट म्हणते अमृत, दुसरी म्हणते लिव्हर खराब होतं, आणि दोन्हींच्या खाली 'आत्ताच मागवा'. 'आयुर्वेदाचे साइड इफेक्ट नसतात' हे कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकते. सोमवारच्या आत ठरवायचं आहे. लवकर सांगा.

वऱ्हाडी_माणूस :
कोणासाठी पाहिजे ताई? वय किती? चूर्ण का गोळी? अन् सोमवारी काय आहे? अर्धंच विचारलं तर कोणी काय सांगन?

गोकुळपेठकर_काका :
मी बारा वर्षं रोज रात्री दुधातून चमचाभर घेतो. वय ७१, अंबाझरीला रोज चार किलोमीटर चालतो. इतवारीतून मुळं आणून घरी कुटतो. मूळ मोडलं की घोड्याच्या अंगासारखा वास येतो, नाव त्यावरूनच पडलं. तो वास नसेल तर घेऊ नका. तयार कॅप्सूलमध्ये पानंही घालायचे, म्हणून २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला कंपन्यांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. दोष वनस्पतीचा नाही, भेसळीचा आहे.

बीफार्म_हिंगणा :
काका, तुम्हाला मानवली म्हणून सगळ्यांना मानवेल असं नाही.
शिल्पाताई, जो विकत नाही त्याचं वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आहारपूरकांचं कार्यालय आहे, त्यांच्या पानावर अश्वगंधा आहे. त्याच संस्थेचं 'लिव्हरटॉक्स' आहे, त्यात यकृताला त्रास झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलचं 'अबाउट हर्ब्स' पाहा. वनस्पती कोणत्या गोळ्यांशी भांडते ते तिथे वेगळं दिलेलं असतं. तिन्ही फुकट.
आणि डबीवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नाही. नंबर म्हणजे उत्पादकाकडे परवाना आहे, गुण येतो असं नव्हे.
आता सांगा, घेणाऱ्या व्यक्तीला दुसरी कोणती औषधं चालू आहेत?

शिल्पा_मानेवाडा :
आईसाठी. वय ६२. थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. मावशीने थकव्यासाठी अश्वगंधाच्या कॅप्सूल दिल्या, दीड महिना झाला. परवा रक्ताच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडचा आकडा) ०.०८ आला, आधी नेहमी ३ च्या आसपास असायचा. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून ७५ ची गोळी ५० करा. कॅप्सूलचं मी त्यांना सांगितलं नाही, तेव्हा डोक्यातच आलं नाही.

बीफार्म_हिंगणा :
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, आणि ते वाढलं की टीएसएच उतरतो. आहारपूरकांच्या कार्यालयाच्या त्या पानावर थायरॉइडच्या औषधांबद्दल इशारा आहे.

मिताली_धरमपेठ :
केस गळत असतील तर अश्वगंधाने काही होत नाही. माझ्या सासूबाईंना आवळा आणि जास्वंदीच्या तेलाने फरक पडला. कृती हवी असेल तर देते.

शिल्पा_मानेवाडा :
केसांचं मी विचारलंच नाही हो. केसांच्या गोळ्या आई घेतेच, मीच ऑनलाइन मागवून दिल्या.

बीफार्म_हिंगणा :
थांबा. त्या डबीवर बायोटिन किती लिहिलंय?

शिल्पा_मानेवाडा :
१०,००० मायक्रोग्रॅम. पण ते व्हिटॅमिन आहे ना?

बीफार्म_हिंगणा :
व्हिटॅमिनच आहे. पण मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. लॅबच्या अनेक मशीनमध्ये टीएसएच मोजायला बायोटिनचीच जोडणी वापरतात. रक्तात ते जास्त असलं की मोजणी बिघडते : टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. थायरॉइडतज्ज्ञांची तिथली संघटना सांगते, तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा.

गोकुळपेठकर_काका :
बघा! अश्वगंधाला विनाकारण आरोपी केलं. घोळ त्या गोळीचा निघाला.

बीफार्म_हिंगणा :
काका, अजून काहीच ठरलं नाही. टीएसएच अश्वगंधाने खरंच उतरला असेल, बायोटिनमुळे खोटा दिसला असेल, दोन्ही थोडं थोडंही असेल.

वऱ्हाडी_माणूस :
ताई, आईला होऊन काय राहिलं ते सांगा ना. छाती धडधडते? घाम? झोप उडाली?

शिल्पा_मानेवाडा :
उलटं आहे. दिवसभर झोपते, पोट साफ होत नाही. काल दुपारी बाहेर ४३ होतं आणि कूलरसमोरून उठून आतल्या खोलीत चादर घेऊन बसली होती. मला वाटलं वय झालं.

वऱ्हाडी_माणूस :
नागपूरच्या ४३ मध्ये चादर? माझ्या बायकोचा थायरॉइड कमी होता तवा हेच चालायचं. हार्मोन जास्त असलेल्या माणसाला गरम होते बाप्पा. डोस कमी करायच्या आधी डॉक्टरला हे सांगाच.

बीफार्म_हिंगणा :
बरोबर, दादा. शिल्पाताई, थायरॉइडची गोळी मनाने बंद करू नका, कमी-जास्तही करू नका. सोमवारची वाट न पाहता उद्या फोन करून दोन्ही डब्यांचं सांगा. केसांची गोळी आजपासून थांबवून तपासणी पुन्हा करू का, ते विचारा. लॅबलाही बायोटिनचं सांगा. अश्वगंधाचाच त्रास निघाला तर १८००-१८०-३०२४ वर नोंदवता येतो, ही औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन आहे.

गोकुळपेठकर_काका :
वैद्याचं मत हवं असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा. तिथे विकत काही गळ्यात मारत नाहीत. डब्या मात्र सोबत न्या.

शिल्पा_मानेवाडा :
डॉक्टरांशी आत्ताच बोलणं झालं. गोळी ७५ चीच ठेवा म्हणाले. कॅप्सूल आणि केसांची गोळी दोन्ही बंद, गुरुवारी पुन्हा रक्त. दोन्ही डब्या रिपोर्टच्या फाइलमध्ये टाकल्या. मावशीला काय सांगू, हे अजून सुचत नाही. तिने प्रेमाने दिल्या होत्या.

मिताली_धरमपेठ :
मावशींना त्यांच्याही गोळ्यांचं विचारा. बहुतेक त्यासुद्धा घेत असतील.

वऱ्हाडी_माणूस :
गुरुवारी काय आलं ते सांगजा.