मुंबई–टोकियो विमानप्रवास: अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

प्रश्न
माझे आईवडील जानेवारीत मुंबईहून टोकियोच्या नारिता विमानतळावर थेट विमानाने जाणार आहेत. तिकिटानुसार मुंबईहून रात्री ८ वाजता निघून ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७.५० ला पोहोचतील. परतीचे विमान सकाळी ११.१५ ला निघून त्याच दिवशी सायंकाळी ५.४५ ला मुंबईत उतरते. म्हणजे जाताना जवळपास बारा तास आणि येताना केवळ साडेसहा, असे दिसते. इतका फरक कसा? वडिलांना ठरावीक तासांनी औषध घ्यावे लागते, म्हणून प्रत्यक्ष प्रवासाचे तास जाणून घ्यायचे आहेत.

प्रतिसाद १
तिकिटावर नेहमी त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. जातानाच्या ११ तास ५० मिनिटांतून साडेतीन तास वजा केल्यास ८ तास २० मिनिटे उरतात, तर येतानाच्या साडेसहा तासांत ते मिळवल्यास १० तास होतात. म्हणजे तिकिटावर जो प्रवास लांबलचक दिसतो, तोच खरे तर लवकर संपणारा आहे.

प्रतिसाद २
उरलेला १ तास ४० मिनिटांचा फरक मुख्यतः वाऱ्याचा आहे. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, आणि हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेत जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण त्यांचा अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत असल्याने जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला वाटभर सरासरी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला तर ६,८०० किलोमीटरला सुमारे ७ तास लागतात. तोच वारा समोरून आला तर सव्वाआठ तासांहून अधिक. उन्हाळ्यात हे वारे मंदावून उत्तरेकडे सरकतात, त्यामुळे तेव्हा फरक कमी होतो.

प्रतिसाद ३
६,८०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे किमान अंतर झाले, आणि ती रेषा भूतान, तिबेटच्या पठाराची पूर्व कड, चीनमधील सिचुआन प्रांताचा पश्चिम भाग आणि दक्षिण कोरिया यांवरून जाते. विमाने सहसा तिबेटचे पठार टाळतात, कारण केबिनमधील हवेचा दाब गेल्यास तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तेथील जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून वाट दक्षिणेकडून वळवली जाते आणि प्रत्यक्ष अंतर वाढते. शिवाय तिकिटावरील वेळेत विमानतळावर विमान जमिनीवरून चालण्याची मिनिटेही धरलेली असतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांचे मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवतो: जाताना रात्री ८ ते पहाटे ४.२०, आणि येताना सकाळी ७.४५ ते सायंकाळी ५.४५. या वेळा लिहून डॉक्टरांना दाखवतो आणि औषधाचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच ठरवून घेतो.