डोक्यात सुरा रुतलेला संत कोण?

कोथरूडकर: ऑफिसच्या कामाने मिलानला गेलेलो, तिथे सांत'एउस्तोर्जो चर्चमध्ये एका संताच्या चित्रात चक्क डोक्यात सुरा! कोण हा बाबा?

नानापेठी: वेरोनाचा पीटर मार्टर, कबरही तिथेच आहे, संगमरवरी, १३३९ ची. घरचे कॅथर, म्हणजे चर्चच्या लेखी पाखंडी, आणि पोरगा डॉमिनिकन, म्हणजे कॅथलिक साधूंच्या एका संघातला, होऊन त्याच पंथाच्या मागे इन्क्विझिटर, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणारा चर्चचा अधिकारी, म्हणून लागला. ६ एप्रिल १२५२ ला कोमोहून मिलानला येताना वाटेत गाठून मारला, आणि मार्च १२५३ मध्ये पोपने संत करून पण टाकला.

गप्पिष्ट: वर्षाच्या आत?? सरळ राजकारण आहे हो हे.

नानापेठी: असेलही, पण पुढचं ऐका, मारेकरी कारिनो पळून फोर्लीला गेला, पस्तावला, डॉमिनिकनांच्याच मठात ब्रदर झाला आणि लोक त्यालाही भजायला लागले.

कोथरूडकर: घ्या!! म्हणजे दोघंही देव्हाऱ्यात.