सबुरी, धीर, दम, कळ: नेमका फरक काय?

गोदाकाठची लेक:
नमस्कार मंडळी. मला सातवा लागलाय, माहेरी नाशिकला आलेय, नवरा नोकरीसाठी पुढे जर्मनीला गेलाय आणि बाळंतपण इथेच करून मग बाळाला घेऊन मी जायचं असं ठरलंय. त्यामुळे येताजाता प्रत्येकजण मला थांबायलाच सांगतो पण शब्द प्रत्येकाचा वेगळा. बाबा म्हणतात दम धर, आई म्हणते धीर धर, डॉक्टर म्हणतात पेशन्स ठेवा, शेजारच्या काकू म्हणतात थोडी कळ काढ गं, आणि आजी म्हणते सबुरीनं घे पोरी.

डिक्शनरीत बघितलं तर सगळ्याचा अर्थ जवळपास एकच निघेल, पण कानाला एक वाटत नाही. दम मला छोटा वाटतो, चहा उकळेपर्यंतचा. फारसीत दम म्हणजे श्वास, म्हणजे एखाद-दोन श्वास थांब एवढंच. संयम म्हणजे स्वतःला आवर घालणं, तोंडावर आलेलं न बोलणं वगैरे. पण सबुरी? ती यातल्या कशातच बसत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

पंचवटीकर:
ताई, आधी तब्येतीची काळजी घ्या. शब्द मूळचा अरबी, सब्र, फारसीमार्गे आपल्याकडे आला. जुन्या मराठीत नुसतं "सबूर!" म्हटलं की थांब असा हुकूमच असायचा, आता हुकूम गेला आणि सबुरीनं घ्या तेवढं राहिलं. आपल्या भागात तो टिकला तो शिर्डीमुळे, निम्म्या गाड्यांच्या मागच्या काचेवर श्रद्धा सबुरी लिहिलेलं असतं. साईबाबांची दोन पैशांची गोष्ट आहे बघा, गुरू शिष्याकडे दोनच पैसे मागतो, एक निष्ठा आणि दुसरा सबुरी. म्हणजे सबुरी एकटी कधी मागितलेलीच नाही, ती जोडीनंच येते.

माझ्या मते फरक इथेच आहे. धीर माणूस एकट्यानं धरू शकतो, नास्तिक सुद्धा धरतो. सबुरीला समोर कोणीतरी लागतं, ज्याच्यावर सोडायचं तो. अजून एक बघा, धीर दुसऱ्याला देता येतो, तो सुटतो, खचतो. पण "त्यांनी मला सबुरी दिली" असं आपण म्हणत नाही. ती ज्याची त्यालाच आणावी लागते.

सिन्नरची माई:
मी बरीच वर्षं लेबर रूममधे नर्स होते म्हणून कळ बद्दल लिहिते. कळ येते आणि जाते, म्हणून कळ काढ म्हणजे ही एवढी एक जाऊ दे. बाळंतकळा पण त्याच. पहिलटकरणीला त्या वेळी मी कधी सबुरी ठेव असं म्हटलं नाही, एवढी एक कळ काढ बाई असंच म्हणायचे, कारण तेव्हा तिला पुढचं काही ऐकायचं नसतं. आणि पोरी तारखेवर डोळे लावून बसू नकोस. ४० आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, नेमकी ती तारीख गाठणारी बाळं फार थोडी, ३७ ते ४२ मधे कधीही येतं. सुखरूप सुटका होवो.

गोदाकाठची लेक:
माई, काका, मनापासून आभार. काकांचं "ज्याच्यावर सोडायचं तो" हे अगदी पटलं, कारण माझं सगळं तिथेच अडलं होतं. आधी मी आत्ताच निघून जायचं म्हणत होते, पण २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात आणि ३६ नंतर घेतच नाहीत, म्हणून राहिले. आता बाळ झालं की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद, मग महापालिकेचा दाखला, दाखल्यावर बाळाचा पासपोर्ट आणि मग व्हिसाचा अर्ज, आणि यातलं एकही काम बाळाच्या आधी सुरू होत नाही, नावच नाही तर फॉर्मवर लिहिणार काय.

आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला जाते तेव्हा सुरुवातीला मी नवसच बोलले होते, दिवाळीपर्यंत तिघं एकत्र असू दे म्हणून. नवसात अट असते, माझ्यात तर तारीख पण होती, आणि ती लांबेल असं दिसलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हल्ली तारीख मागत नाही. बाळ आणि त्याचा बाबा सांभाळ एवढंच म्हणते आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून घरी येते. झोप लागते. देवावर विश्वास आधीपण होता पण त्याच्या वेळेवर नव्हता, तो आत्ता बसायला लागलाय.

आजी तिच्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं शिवतेय. टाका तिरका गेला की उसवते, दोरा ओला करून परत सुईत ओवते, दिवसाला वीतभर होतं. मी म्हटलं मशीनवर मारून घेऊ तर म्हणाली बाळाला टोचेल, सबुरीनं होऊ दे.

आता एक राहिलंय. सबुरीला खरं क्रियापद कोणतं, धरणे, ठेवणे की बाळगणे? आजी तर "घे"च म्हणते. आणि कळवण-सटाण्याकडचं कोणी असेल तर अहिराणीत हे कसं म्हणतात तेही लिहा.